डेट्रॉईट नदीत वॉलायसाठी जिगिंग रॉड : शंभर डॉलरच्या आत कुठला घ्यावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये कँटनला असतो. मूळचा सांगलीचा, त्यामुळे गळ टाकायचा नाद लहानपणापासूनचा. तेव्हा बांबूची काठी, नायलॉनची दोरी आणि कणकेची गोळी एवढ्यावर भागायचं. इथे आल्यावर आसपासच्या तळ्यांत ब्लूगिल आणि बासच्या मागे लागलो.

आता ऑफिसमधला एक मित्र एप्रिलमध्ये त्याच्या बोटीवरून डेट्रॉईट नदीत वॉलाय (इथला एक गोड्या पाण्यातला मासा) धरायला नेतो म्हणालाय. "जिगिंग करायचं, रॉड तुझा तू आण," एवढंच सांगितलं त्याने. माझ्याकडे बासचा ७ फुटी मीडियम-हेवी रॉड आहे आणि २५०० आकाराचं चांगलं स्पिनिंग रीळ आहे. रीळ तेच वापरायचा विचार आहे. रॉडसाठी शंभर डॉलरच्या वर जायचं नाही असं घरात ठरलंय.

दुकानात गेलो तर एका भिंतीवर शेकडो रॉड. चाळीस डॉलरपासून चारशेपर्यंत, आणि सगळ्यांवर "वॉलाय" लिहिलेलं. लांबी किती घ्यावी, मीडियम की मीडियम-लाईट, आणि महाग रॉडने खरंच फरक पडतो का? कधीमधी काठावरूनही मासेमारी करायची इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

ट्रेंटनकर

धागा काढलात ते बरं झालं. हा प्रश्न दर वसंतात मला कुणी ना कुणी विचारतंच, आता इथली लिंक देत जाईन.

पहिली गोष्ट, बोटीवरचा रॉड आणि काठावरचा रॉड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकात दोन्ही शोधायला जाल तर दोन्हीकडे अडेल. सहकाऱ्याच्या बोटीवर जाताय ना, मग आत्ता फक्त बोटीचा विचार करा.

डेट्रॉईट नदीत वसंतात जे चालतं त्याला उभं जिगिंग म्हणतात. नदी सेंट क्लेअर तलावातून निघून ईरी तलावाला मिळते, आणि ईरीतले वॉलाय मार्चपासून अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर येतात. पाणी ४० अंश फॅरनहाइटच्या पुढे सरकलं की गर्दी वाढते. मासे तळाशी चिकटून असतात, बहुतेक वेळा पंधरा ते तीस फुटांवर. बोटीचं तोंड प्रवाहाकडे ठेवून पुढच्या इलेक्ट्रिक मोटरने बोट प्रवाहाच्याच वेगाने खाली वाहू द्यायची. हेतू एकच, दोरी बोटीखाली सरळ उभी राहिली पाहिजे. जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, तळाला टेकवायचं, सहा-आठ इंच उचलायचं, आणि दोरी अगदी ढिली न सोडता परत टेकवायचं. दिवसभर हेच.

आता यावरून रॉड ठरवा. तुम्हाला लांब फेकायचंच नाही, मग सात फूट कशाला? लांब रॉडचं टोक बोटीपासून दूर जातं, मनगटावर भार येतो आणि जाळं लावताना मासा हाताशी येत नाही. ५ फूट ९ इंच ते ६ फूट ६ इंच यात घ्या. ६ फूट ३ इंच हे या कामाचं जवळपास ठरलेलं माप आहे. पॉवर, म्हणजे दांडीचा ताठपणा, मीडियम. ॲक्शन फास्ट किंवा एक्स्ट्रा फास्ट, म्हणजे फक्त वरचा भाग वाकतो आणि खालची दांडी ताठ राहते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हँडलच्या वर बारीक अक्षरात छापलेला आमिषाच्या वजनाचा आकडा. लोक ब्रँड वाचतात, हा आकडा वाचत नाहीत. इथे प्रवाहाला जोर आहे, त्यामुळे अर्धा ते पाऊण औंसाचे जिग लागतात, वारा असेल तर एक औंससुद्धा. मीडियम-लाईट रॉडवर बहुधा १/८ ते १/२ औंस लिहिलेलं असतं. त्याला ५/८ औंसाचं जिग लावलं की टोक जिगच्या वजनानेच वाकून बसतं. आधीच वाकलेल्या टोकाला मासा कळणार कसा? १/४ ते ३/४ किंवा त्याच्या आसपासचं लिहिलेला रॉड बघा.

कार्बन१२

ट्रेंटनकर काकांशी शंभर टक्के सहमत. मी व्यवसायाने कंपोझिटवाला, म्हणून मटेरियलबद्दल थोडं लिहितो.

स्वस्त रॉडमध्ये तीन प्रकार दिसतात : फायबरग्लास, ग्राफाइट, आणि दोन्हींचं मिश्रण. फायबरग्लास जड आणि लवचिक, मार खूप खातो. ग्राफाइट त्याच वजनात कितीतरी ताठ, म्हणून दांडीची भिंत पातळ ठेवता येते आणि रॉड हलका होतो. तळावरची खडी, शिंपले, माशाचा हलका टोला, यातून येणारं कंपन हलक्या आणि ताठ दांडीतून हातापर्यंत कमी विरून पोचतं. उभ्या जिगिंगमध्ये सगळा खेळ याच कंपनाचा असल्याने इथे ग्राफाइटला पर्याय नाही असं माझं मत. फेनविक कंपनीने १९७३ च्या सुमारास एचएमजी नावाने ग्राफाइटचे रॉड बाजारात आणले, तेव्हा ती श्रीमंतांची चीज होती. आज साठ-सत्तर डॉलरचा ग्राफाइट रॉड व्यवस्थित काम देतो.

दुकानात ग्राफाइटच्या प्रतीचे आयएम६, आयएम७, आयएम८ असे आकडे दिसतील. त्यावर भुलू नका. त्या आकड्यांचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं कुठलंही प्रमाण नाही. एका कंपनीचा आयएम७ दुसरीच्या आयएम६ पेक्षा भारी असेलच असं नाही. शिवाय जितका ताठ धागा तितका तो ठिसूळ. बोटीच्या कडेवर आपटला, पाऊण औंसाचं शिसं झोक्यात येऊन दांडीला लागलं, की डोळ्यांना न दिसणारा तडा जातो आणि पुढे कधीतरी माशावर असतानाच रॉड मोडतो. थोडक्यात, फार उंच मोड्युलसच्या (धाग्याच्या ताठपणाच्या मापाच्या) मागे शंभर डॉलरच्या आत लागूच नये.

माझा सल्ला : अजून थोडे डॉलर साठवा आणि सेंट क्रॉई कंपनीचा आयकॉन रॉड घ्या. खास वॉलायसाठी बनवलेली मालिका आहे, हातात घेतल्यावर फरक कळतो.

मालवणी_गरी

कार्बनभाऊ, त्यांनी शंभरची मर्यादा सांगितली आहे. घरात ठरलेली मर्यादा आपण इथे बसून का वाढवायची?

मी बारा महिने नदीवर असतो, माझ्या बोटीवर पाहुण्यांसाठी अग्ली स्टिक जीएक्स२ रॉड ठेवलेत. चाळीस-पन्नास डॉलर. ग्राफाइट आणि फायबरग्लासचं मिश्रण, टोक भरीव फायबरग्लासचं. लहान मुलं, नवखे लोक, सगळ्यांनी आपटले, तरी धड आहेत. ही माणसं त्यावर मासे काढतातच.

खरा फरक दोरीने पडतो. नायलॉनची मोनो लाईन ताणली जाते, वीस-पंचवीस फुटांवरचा टोला त्या ताणातच जिरतो. दहा पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाईन लावा. तिची जाडी साधारण दोन पौंडी मोनोएवढी, ताण जवळजवळ नाही, आणि बारीक असल्याने पाण्याचा रेटा कमी घेते, म्हणून हलकं जिगही तळाला जातं. पुढे गळापाशी दोन-तीन फूट फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे जोडदोरी, आठ किंवा दहा पौंडी. लीडर टाळू नका, तळाला झीब्रा शिंपल्यांची धार आहे, ब्रेडेड लाईन त्यावर घासली की संपली. चारशेच्या रॉडवर मोनो आणि पन्नासच्या रॉडवर ब्रेडेड, यात मी डोळे झाकून दुसरा उचलेन.

आणि रॉडच हवा असंही नाही. याच नदीवर जुने लोक रात्री हॅन्डलाईन करतात. बोटीला स्प्रिंगचं रीळ, त्यावर तारेची दोरी, खाली पौंड-सव्वा पौंड वजन, आणि वजनाच्या वर लीडरना स्पून (धातूचं चमकतं आमिष) नाहीतर बारीक लाकडी मासे. तार हातात धरून मागेपुढे करत बोट प्रवाहाविरुद्ध हळू चालवायची. तळ थेट बोटांना कळतो. आमच्याकडे मालवणात खोल समुद्रात हातगरी टाकतात, ती ज्याने केली आहे त्याला हे पटकन जमतं.

कृष्णाकाठ

वा, एवढं सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार. बासचा मीडियम-हेवी रॉड पहिल्यांदा नेऊन बघितला तर? आणि अग्ली स्टिक की पूर्ण ग्राफाइट, यावर ट्रेंटनकर काका तुमचं मत हवंय.

ट्रेंटनकर

बासचा रॉड नको. मीडियम-हेवीचं टोक ताठ, त्यात ब्रेडेड लाईन न ताणणारी. हिसका दिला की गळ तोंड फाडून बाहेर. शिवाय वॉलाय थंड पाण्यात जिग ओरबाडत नाही, नुसतं तोंडात घेऊन थांबतो, कित्येकदा तर तळाशी दाबून धरतो. टोक ताठ असेल तर त्याला लगेच वजन जाणवतं आणि तो थुंकून टाकतो. वरचे आठ-दहा इंच मऊ आणि त्याखाली कणा, असं पाहिजे.

अग्ली स्टिकबद्दल मालवणीबुवांचं म्हणणं खरं आहे, मासे येतात. पण कुणाला? ज्यांच्या शेजारी अनुभवी माणूस बसून "आता उचल" म्हणतोय त्यांना. शिकणाऱ्याला चांगला रॉड जास्त उपयोगी पडतो असं मला वाटतं. अनुभवी माणूस दोरी बघून मासा ओळखतो. जिग टेकायच्या आधीच दोरी थांबली किंवा एक इंच बाजूला सरकली की तो उचलतो. नवख्याला ती नजर यायला वेळ लागतो, तोपर्यंत हातच सांगणार. म्हणून साठ ते नव्वद डॉलरचा पूर्ण ग्राफाइट घ्या. फेनविक ईगल, बर्कलीचा लाईटनिंग रॉड, असे बघा.  आयकॉन उत्तम आहे यात वाद नाही, पण पहिल्या वर्षी साठ डॉलरचा रॉड, पंधराची ब्रेडेड लाईन आणि उरलेल्या पैशांचे जिग, ही वाटणी जास्त मासे देईल.

दोरी भडक रंगाची घ्या, पिवळी किंवा हिरवी. मासा लीडरपाशी येतो, त्याला वरच्या रंगाशी देणंघेणं नाही, तुम्हाला मात्र ती दिसली पाहिजे.

वैदेही_टोलेडो

मी ओहायोतून. इथे कुणी काठाचं बोललंच नाही म्हणून लिहितेय, कृष्णाकाठ यांनी विचारलं होतं.

आमच्याकडे मॉमी नदीत मार्च-एप्रिलमध्ये वेडर (छातीपर्यंतची जलरोधक विजार) घालून पाण्यात उभं राहून वॉलाय धरतात. पेरिसबर्ग आणि मॉमी गावांच्या मध्ये साईड कट, ब्लूग्रास आयलंड, ऑर्लिन्स पार्क या जागांवर पहाटेपासून रांगा लागतात. इथे उभं जिगिंग नाहीच. प्रवाहाला आडवं, थोडं वरच्या अंगाला फेकायचं, वजन तळावरून टप्पे खात खाली येतं, आणि मागे दीड-दोन फुटांच्या लीडरवर तरंगणारं जिग. त्याला ६ फूट ६ इंच ते ७ फूट, मीडियम, फास्ट ॲक्शन लागतं, कारण लांब फेकायचं असतं आणि पाण्यावरून जास्तीत जास्त दोरी उचलून धरायची असते. ६ फूट ३ इंचाचा एक्स्ट्रा फास्ट रॉड घेऊन इथे आलात तर दोन तासांत खांदा बोलायला लागेल.

इकडे याल तर नियम नीट वाचून या. १ मार्च ते १ मे मॉमी आणि सँडस्की नदीच्या ठरावीक पट्ट्यांत फक्त सूर्योदय ते सूर्यास्त मासेमारी करता येते, गळ एकेरीच हवा, तिहेरी चालत नाही. आणि मासा तोंडाच्या आतून लागलेला असेल तरच ठेवायचा. पाठीला, कल्ल्याला लागला तर सोडून द्यायचा. गर्दीत दुर्दैवाने सगळेच ते पाळत नाहीत. मला त्याचा फार राग येतो. हे मासे अंडी घालायला येतात, त्यांना ओरबाडून काढण्याला मासेमारी म्हणवत नाही.

वेडरला कमरेचा पट्टा घट्ट बांधा आणि हातात काठी ठेवा. दगड शेवाळलेले आहेत.

बर्फाळ_विदर्भ

वैदेहीताईंना अनुमोदन. नदी बदलली की रॉड बदलतो याचं अजून एक उदाहरण देतो.

मी मिनेसोटात, मिसिसिपीवर रेड विंगजवळ 'पूल ४' मध्ये (दोन धरणांमधल्या पाण्याचा टप्पा) जातो. तीन नंबरच्या धरणाखाली मार्चमध्ये वॉलाय आणि त्याचा भाऊबंद सॉगर दोन्ही मिळतात. प्रवाह तुमच्यापेक्षा बेताचा, बऱ्याच जागी पाणी उथळ. १/४ औंसावर काम होतं, कधी १/८ वर. म्हणून इथे मीडियम-लाईट, एक्स्ट्रा फास्ट, ६ फूट ८ इंचाच्या आसपास. काठाच्या दगडांकडे हलकं जिग फेकून हळूहळू ओढत आणायचं. ट्रेंटनकर काकांनी नको म्हटलेला रॉड आमच्याकडे पहिल्या पसंतीचा. त्यामुळे नेटवर कुणी "वॉलायसाठी हाच रॉड" म्हणालं तर आधी विचारा, कुठल्या नदीवर आणि किती वजनाचं जिग.

एक गोष्ट थंडीची. मार्चमध्ये सकाळी तापमान गोठणबिंदूखाली असतं, दोरीवरचं पाणी रॉडच्या, दोरी ओवायच्या कड्यांत गोठतं. हल्ली काही रॉडना अगदी बारीक मायक्रो कडी असतात, ती लगेच बुजतात. साधी, जरा मोठ्या व्यासाची कडी असलेला घ्या.

सुगरण_ट्रॉय

रॉडमधलं मला कळत नाही, पण घरी मासे येतात आणि ते मी करते, म्हणून एवढंच. वॉलायचं मांस पांढरं, घट्ट आणि सौम्य, वास जवळजवळ नाही. आलं-लसूण, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून अर्धा तास आणि मग रवा फ्राय, बांगड्यासारखा मसाला भरभरून लावू नका, माशाची चव मरते. फिलेटच्या मधल्या रेषेत बारीक काटे असतात, तेवढी पट्टी काढली की मुलांना बिनधास्त देता येतो. गालाचे दोन तुकडे टाकू नका.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. डेट्रॉईट नदीतल्या माशांत पारा आणि पीसीबी (कारखान्यांतली विषारी रसायनं) असतात. मिशिगनच्या आरोग्य खात्याची 'ईट सेफ फिश' मार्गदर्शिका आहे, त्यात नदीनुसार, माशानुसार आणि लांबीनुसार महिन्याला किती वेळा खावा ते दिलंय. गरोदर बाया आणि लहान मुलं घरात असतील तर आधी ती पाहा. कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकली की पीसीबी कमी होतात, पारा मात्र मांसात असतो, तो शिजवून किंवा साफ करून जात नाही. म्हणून खायला लहान मासा ठेवा.

ट्रेंटनकर

सुगरणताई, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

लहान मासा ठेवण्याला आणखी एक कारण आहे. वसंतातले आठ-दहा पौंडी मासे बहुतेक माद्या असतात, अंड्यांनी भरलेल्या. ईरी तलावात सध्या वॉलाय भरपूर आहेत, २००३, २०१५ आणि २०१८ ला पिल्लांची जबरदस्त पिढी निघाली होती, त्यामुळे एखादी मादी ठेवल्याने तलाव रिकामा होणार नाही. तरीही मी सोडतो आणि माझ्या बोटीवर येणाऱ्यांनाही सोडायला लावतो. दोन-तीन पौंडी नर खायला सरस लागतात.

मालवणी_गरी

माद्या सोडण्याबद्दल काकांच्या पाठीशी आहे. रॉडबद्दल अजून नाही :) म्हणून एक मधला रस्ता सुचवतो, वापरलेला रॉड.

फेब्रुवारीत लोक गराज आवरतात, तेव्हा दीडशेचा ग्राफाइट रॉड साठ-सत्तरला मिळतो. पण तपासून घ्या. खिशात कापसाचा बोळा ठेवा. प्रत्येक कड्याच्या आतून तो फिरवायचा. कड्यातल्या सिरॅमिकच्या रिंगला केसाएवढी चीर असली तरी कापसाचे धागे अडकून राहतात. अशी एक चीर ब्रेडेड लाईन कापून टाकते. टोकाचं कडं दोनदा तपासा, ते सगळ्यात आधी जातं. मग दांडीवरून अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत फिरवा, कुठे खाच किंवा पोचा लागला तर रॉड परत ठेवा, मालक कितीही गोड बोलला तरी. शेवटी रीळ बसवायची जागा आवळून हलवून पाहा.

कृष्णाकाठ

शनिवारी दुकानात जाऊन आलो. तुमच्या सगळ्यांच्या सूचना फोनवर उघड्या ठेवल्या होत्या.

माझं रीळ सोबत नेलं होतं आणि ५/८ औंसाचं एक जिग तिथेच विकत घेतलं. विक्रेत्याने आल्या आल्या सात फुटी हातात दिला, "सगळ्याला चालतो" म्हणाला. मी बोटीचं सांगितल्यावर त्याने ६ फूट ३ इंचाचे तीन काढले. प्रत्येकावर रीळ बसवलं, टोकाच्या कड्यातून दोरी काढून जिग लटकवलं. पहिला मीडियम-लाईट. टोक सरळ चार-पाच बोटं खाली झुकलं, ट्रेंटनकर काकांनी लिहिलं होतं अगदी तसंच. दुसरा मिश्र मटेरियलचा मीडियम. टोक धरून राहिलं, पण रीळ लावूनही पुढे जड वाटत होता, हँडलवरची बोटं आपोआप आवळली जात होती. तिसरा पूर्ण ग्राफाइटचा, १/४ ते ३/४ छापलेला, किंमत ऐंशीच्या आत. टोक किंचित वाकलं आणि तिथेच थांबलं. रिळाच्या दांड्याच्या किंचित पुढे एका बोटावर ठेवला तर आडवा राहिला.

मग जिग दुकानाच्या सतरंजीवर टेकवून उचललं, मग फरशीवर, मग दोन फरशांच्या सांध्यावर. डोळे मिटून. तिसऱ्या रॉडवर सांधा बोटात कळत होता. दुसऱ्यावर नुसतं टेकल्याचं कळायचं. बायको शेजारी उभी होती, तिच्याही हातात दिले, तिने न सांगता तिसरा निवडला.

अजून घेतला नाही. एक शंका राहिली. तो एकसंध आहे, दोन तुकड्यांचा नाही, आणि माझी गाडी सेडान.

कार्बन१२

फरशीच्या सांध्याची चाचणी मस्त! मी आयकॉनचा हट्ट मागे घेतो. पुढे झुकणारा रॉड दिवसभर धरला की पकड घट्ट होते, आणि घट्ट पकडीत हलकं कंपन कळत नाही. समतोल हा संवेदनशीलतेचाच भाग आहे, मी ते वर लिहायला हवं होतं.

एकसंध की दोन तुकडे : आजच्या जोडण्या चांगल्या असतात, या किमतीत हाताला फरक कळेल असं मला वाटत नाही. पण प्रवाहात दिवसभर उचल-टेक केल्यावर सांधा हळूहळू सैल होतो, अधूनमधून आवळावा लागतो. ६ फूट ३ इंच म्हणजे साधारण १९० सेंटीमीटर. पुढच्या सीटची पाठ आडवी करून सेडानमध्ये तिरका बसतो. टोक पुढे डॅशबोर्डच्या दिशेने आणि हँडल मागे ठेवा, आणि दार लावण्याआधी टोक कुठे आहे ते पाहा. माझ्या माहितीत माशाने मोडलेल्या रॉडपेक्षा गाडीच्या दाराने मोडलेले जास्त आहेत.

बर्फाळ_विदर्भ

टोकाला पीव्हीसीची नळी किंवा कापडी म्यान घाला, काम झालं. एकसंधच घ्या.

वैदेही_टोलेडो

आणि काठासाठी तुमचा बासचा रॉड ठेवून द्या, विकू नका. मीडियम-हेवी जरा ताठ आहे, पण वजन तळावरून वाहवायला चालून जाईल. बिशप पार्कच्या धक्क्यावरून, वायनडॉटला, लोक असेच मिळतील ते रॉड घेऊन उभे असतात.

कृष्णाकाठ

घेतला! तिसराच, एकसंध. ब्रेडेड लाईनही भरून घेतली, पिवळी. बायको पुढच्या वेळी येणार म्हणतेय, तेव्हा तिच्यासाठी तसाच दुसरा घ्यायचा विचार आहे.

शेवटचे दोन प्रश्न. जिग कुठल्या वजनाचे किती घेऊ आणि लायसन्सचं काय? बोटवाला मित्र म्हणतो कधीकधी ते नदीच्या मध्यापलीकडेही जातात.

ट्रेंटनकर

अभिनंदन!

जिग : सगळ्यात जास्त ५/८ चे घ्या, त्याखालोखाल अर्ध्याचे, आणि वाऱ्याच्या दिवसासाठी पाऊणचे थोडे. तळाला दगड, जुनं लोखंड, काय काय आहे, जिग जाणार हे धरून चाला. रंगांत जांभळा आणि पिवळट हिरवा असू द्या, गढूळ पाण्यात भडक, निवळ पाण्यात गडद. सेंट क्लेअर तलाव वाऱ्याने ढवळला की दोन दिवस नदी गढूळ येते, निघण्याआधी पाणी कसं आहे ते मित्राला विचारा. आमिष म्हणून जिवंत शायनर मासे किंवा चार-पाच इंची प्लास्टिकचे बारीक किडे. शायनर लावाल तर मागे छोटा स्टिंगर गळ जोडा, शेपूट चावून जाणारे बरेच सापडतात.

लायसन्स : १७ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला लागतं, बायकोलाही. मिशिगनचं १ एप्रिलला सुरू होऊन पुढच्या ३१ मार्चला संपतं, म्हणून एप्रिलच्या सहलीला नवीन काढा. नदीच्या मधून कॅनडाची हद्द जाते. त्या बाजूला दोरी पाण्यात टाकायची तर ऑन्टारिओचं लायसन्स वेगळं लागतं, मिशिगनचं चालत नाही. मित्राच्या जीपीएसवर रेषा दिसते, त्याला अलीकडेच राहायला सांगा. किती आणि केवढे मासे ठेवायचे ते त्या वर्षीच्या डीएनआर (मिशिगनचं नैसर्गिक संसाधन खातं) पुस्तिकेत पाहा.

लाईफ जॅकेट अंगात घालून बसा, सीटखाली ठेवू नका. ४२ अंश फॅरनहाइटच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत काम करेनासे होतात, पोहता येत असलं तरी.

आणि लीडरची गाठ घरीच बांधून, ओली करून, जोरात ओढून बघा. सकाळी सहाला बोटीवर गारठलेल्या बोटांनी डबल युनी गाठ बांधायची वेळ येऊ देऊ नका. मी रीळ भरतो तेव्हाच दोन-तीन लीडर जास्तीचे कापून पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवतो, तुम्हीही ठेवा.